सर्किट चालत नाहीये? पार्ट बदलण्याआधी या चार ठिकाणी व्होल्टेज मोजा!

मंडळी, डिप्लोमाचा प्रोजेक्ट असो, विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल असो किंवा हौसेने बनवलेला छोटा ॲम्प्लिफायर, एक प्रसंग सगळ्यांच्याच वाट्याला येतो. सगळं जोडून होतं, बटण दाबलं जातं आणि काहीच होत नाही. मग पहिला संशय कुणावर? महागड्या आयसीवर! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीत फेरी होते, नवा आयसी येतो आणि तोही जळतो.

अनेकदा आयसी बिचारा निर्दोष असतो. खरी गडबड असते त्याला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये. ती शोधायला अंदाज नाही, मल्टिमीटर लागतो. चला तर मग, हौशी मंडळींचा सगळ्यात आवडता ५ व्होल्टचा सप्लाय घेऊन ही पद्धत समजून घेऊया.

आधी जिवाची काळजी

चुकीचा पार्ट बदलला तर पैसे जातात. २३० व्होल्टला हात लागला तर जीव जाऊ शकतो. म्हणून हे नियम पाळाच:

• जोडणी बदलताना नुसता स्विच बंद करू नका, प्लग बाहेर काढा. वायरिंग उलटं असेल तर स्विच बंद असूनही फेज आत आलेली असते.

• ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूचे सगळे जोड झाकलेले हवेत आणि त्या बाजूला फ्यूज हवाच.

• प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. या छोट्या सप्लायमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर त्याच्या दोन पायांवर दहा-बारा सेकंद धरला की तो जवळपास रिकामा होतो. खात्रीसाठी मीटरने पाहा.

• मोबाईल चार्जर, एलईडी ड्रायव्हर, कॉम्प्युटरचा एसएमपीएस हे नवशिक्यांनी उघडू नयेत. त्यातला मुख्य कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो.

सप्लायमध्ये असतं तरी काय?

ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्ट एसीचे ९ व्होल्ट एसी करतो. चार ४००७ डायोडचा ब्रिज त्याचं डीसी करतो. मोठा कपॅसिटर त्या डीसीतले चढउतार भरून काढतो. शेवटी ७८०५ हा रेग्युलेटर त्यातून नेमके ५ व्होल्ट देतो.

गंमत म्हणजे, कपॅसिटरवर ९ व्होल्ट मिळत नाहीत. एसीचा ९ हा आकडा शिखराचा नसतो. शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे १२.७ व्होल्ट असतं. दोन डायोड मिळून सुमारे १.४ व्होल्ट खातात. उरतात साधारण ११.३ व्होल्ट. लोड नसेल तर ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो, त्यामुळे ११ ते १४ मधला आकडा दिसला तर घाबरू नका.

मीटर नीट लावलाय ना?

लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरच शॉर्टसर्किट घडवतो. आधी ती भोकं तपासा. एसी कुठे आणि डीसी कुठे, हेही पाहून घ्या. ओहम किंवा बीपच्या रेंजवर चालू सर्किटला कधीच हात लावू नका.

ती चार ठिकाणं

१. ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट: ९ ते ११ व्होल्ट एसी
२. मोठ्या कपॅसिटरचे दोन पाय: ११ ते १४ व्होल्ट डीसी
३. ७८०५ चं आउटपुट: ४.८ ते ५.२ व्होल्ट डीसी
४. सर्किटमधल्या आयसीच्या पिना: तिसऱ्या ठिकाणाइतकंच

सुरुवात दुसऱ्या ठिकाणापासून करा. तिथलं रीडिंग बरोबर असेल तर ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूज ठीक आहेत, पुढे चला. चूक असेल तर मागे वळा. एकाच मोजणीत अर्धं काम होतं!

रीडिंग चुकलं तर?

*पहिल्या ठिकाणी शून्य:* प्लग काढून फ्यूज आणि वायर तपासा. मग ट्रान्सफॉर्मरची कॉइल ओहमवर मोजा. २३० व्होल्टच्या बाजूचा रोध जास्त आणि ९ व्होल्टच्या बाजूचा अगदी कमी असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

*पहिलं बरोबर, दुसरं कमी:* डायोड किंवा कपॅसिटर. सप्लाय बंद करून, कपॅसिटर रिकामा करून डायोडचा एक पाय सोडवा आणि डायोडच्या रेंजवर मोजा. एका बाजूने ०.५ ते ०.७ यायला हवं, उलट बाजूने काहीच नाही. दोन्हीकडून शून्य आलं तर तो शॉर्ट आहे. कपॅसिटरचं डोकं फुगलं असेल तर तो थेट बदला. नवा लावताना पट्टीची बाजू निगेटिव्हला, कारण उलटा लावलेला कपॅसिटर फुटू शकतो.

*दुसरं बरोबर, तिसरं शून्य:* पुढचं सर्किट सोडवून पुन्हा मोजा. ५ व्होल्ट परत आले तर सप्लाय निर्दोष आहे, शॉर्ट सर्किटमध्ये आहे. तरीही शून्य असेल तर पाय तपासा. ७८०५ ची अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट असा क्रम असतो. निगेटिव्ह व्होल्टेजच्या ७९०५ चा क्रम वेगळा आहे. तिथे बरेच जण फसतात.

*तिसऱ्या ठिकाणी ५ ऐवजी ९-१० व्होल्ट:* लगेच प्लग काढा! ७८०५ चा मधला पाय सुटला की इनपुटचं बरंचसं व्होल्टेज सरळ पुढे जातं. नवा आयसी लावताच का जळतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

*तिसरं बरोबर, चौथं कमी:* सैल जंपर, ड्राय सोल्डर किंवा ब्रेडबोर्ड. अनेक मोठ्या ब्रेडबोर्डवरची लाल-निळी रेघ मधोमध तुटलेली असते. अर्ध्या बोर्डाला वीज मिळते, उरलेला अर्धा उपाशी! मध्ये एक छोटी वायर टाकली की काम झालं.

मीटर बरोबर म्हणतो, तरी सर्किट रुसतं

मोटर सुरू झाली की मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, ॲम्प्लिफायर घूं घूं करतो आणि मीटरवर मात्र सगळं ठीक दिसतं. असं का? कारण मीटर सरासरी दाखवतो, मधले खड्डे दाखवत नाही.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ब्रिजनंतर कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी भरतो. सर्किट ५०० मिलिअँपिअर घेत असेल आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर ढोबळ हिशेबाने दोन भरण्यांमध्ये व्होल्टेज ५ ने घसरतं. ११.३ वरून थेट ६.३! ७८०५ ला नीट काम करायला साधारण ७ व्होल्ट लागतात. म्हणजे सेकंदाला १०० वेळा त्याचा तोल जातो आणि मीटर मात्र ८-९ व्होल्ट दाखवत राहतो.

उपाय सोपा आहे. २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला की घसरण सुमारे २.३ व्होल्टवर येते. ७८०५ च्या पायांजवळ इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटरही लावा. ०.१ च्या कपॅसिटरवर '१०४' असं लिहिलेलं असतं.

म्हणूनच सप्लाय रिकामा मोजून समाधान मानू नका. आउटपुटला १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडला की तो ५०० मिलिअँपिअर ओढतो. तेव्हाही ५ व्होल्ट टिकले तर सप्लाय पास! रेझिस्टर चांगलाच तापतो, तेवढं सांभाळा.

दोन मिनिटं चालतो आणि बंद पडतो?

मग ७८०५ तापतोय. आत १० व्होल्ट, बाहेर ५ आणि करंट अर्धा अँपिअर असेल, तर अडीच वॅट नुसती उष्णता होते. जास्त तापला की तो स्वतःच बंद होतो आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो. हीटसिंक लावा. ९ ऐवजी १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावल्याने ताकद वाढत नाही, उष्णता वाढते.

फ्यूज सारखा उडतोय?

मोठा फ्यूज लावणं हा त्यावरचा उपाय नाही! रिपेअरवाले अशा वेळी सिरीज बोर्ड वापरतात. त्यात ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सप्लायला सिरीजमध्ये असतो. बल्ब लखलखीत पेटला तर शॉर्ट आहे, क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा ठीक. एलईडी बल्ब इथे चालत नाही. या बोर्डावरही २३० व्होल्ट असतात, त्यामुळे जाणकार माणूस शेजारी असेल तरच वापरा.

आणि फक्त ५ व्होल्टच हवे असतील, तर चांगल्या कंपनीचा तयार अडॅप्टर घेणं सगळ्यात सुरक्षित. २३० व्होल्टचा प्रश्नच उरत नाही, आणि चौथ्या ठिकाणची मोजणी तिथेही तितकीच उपयोगी पडते.

तर मंडळी, पुढच्या वेळी सर्किट रुसलं की बाजारात धावण्याआधी मीटर काढा आणि चारही आकडे कागदावर लिहा. कुठला आकडा चुकला ते कळलं की कुठला पार्ट आणायचा तेही कळतं. प्रोजेक्ट घेऊन डोकं धरून बसलेला एखादा मित्र असेल, तर त्याला हे नक्की पाठवा!