छत्तीसगडातील गुरुजी आणि मुलांच्या बोली

भिलाईच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः २ फेब्रुवारी १९५५ पासून करण्याची प्रथा आहे. त्या दिवशी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हा इतिहास सांगणारे लोखंडाच्या टनांचे आकडे सांगतात, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यांतील एका लहानशा प्रश्नाने पुष्कळ दिवस पछाडले आहे. आंध्र, बंगाल, केरळ, पंजाब, ओरिसा आणि आपला महाराष्ट्र येथून आलेल्या माणसांची मुले या नव्या नगरात एका वर्गात येऊन बसली. त्यांना शिकविणाऱ्या गुरुजींना या कामासाठी कोणी काय शिकविले होते?

कारखान्याच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विसरला नव्हता. रशियन तज्ज्ञांबरोबर दुभाषे असत. आपले इंजिनिअर शिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत धाडले गेले, आणि यंत्रे चालविणाऱ्यांसाठी भिलाईतच प्रशिक्षणाची सोय झाली. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसास समोरच्याचे बोलणे कळलेच पाहिजे, हे सर्वांस मान्य होते. वर्गातील गुरुजींपाशी मात्र ट्रेनिंगची जी शिदोरी होती, ती एका वर्गाची एकच भाषा असते, हे गृहीत धरून बांधलेली होती.

या गृहीताचे मूळ शोधावयाचे तर मागे जावे लागते, आणि तेथे आपल्या लोकांचीही गाठ पडते. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पुढे ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा, म्हणजे भिलाईचाही, कारभार नागपुराहूनच चाले. या प्रांताच्या शाळाखात्याने मुलखाची वाटणी सरळ केली. नागपूर-वऱ्हाडकडे मराठी आणि जबलपूर-छत्तीसगडकडे हिंदी. कागदावर ती निर्दोष दिसते. परंतु छत्तीसगडातील मूल घरी हिंदी बोलत नव्हते, छत्तीसगढी बोलत होते, आणि बस्तरात तर हलबी किंवा गोंडी.

ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली, तो एक शाळामास्तरच होता. धमतरीच्या शाळेचे हेडमास्तर हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण हिंदीत लिहिले. जॉर्ज ग्रियर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि १८९० मध्ये ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. विद्वानांत हीरालालांचे नाव झाले, हे उत्तमच. पण ज्या गुरुजींच्या हाती ते पडावयास हवे होते, त्यांच्या आटोक्यात ना ती इंग्रजी होती, ना ते नियतकालिक.

त्या व्याकरणाचा वर्गात काय उपयोग झाला असता, हे एका उदाहरणाने सांगतो. छत्तीसगढीत 'टुरा जाथे' आणि 'टुरी जाथे' असे म्हणतात. मुलगा जावो की मुलगी, क्रियापद बदलत नाही. अशा घरचे मूल हिंदीत 'लड़की जाता है' असे लिहिते आणि गुरुजी त्यावर लाल रेघ ओढतात. वस्तुतः ते मूल निष्काळजी नसते. ते आपल्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळीत असते. शेजारच्या बाकावरील बंगाली मूल हीच चूक करते, कारण बंगालीतही क्रियापदास लिंग नाही. हे ज्याला ठाऊक आहे तो गुरुजी दोघांनाही एका दमात समजावून देऊ शकतो. ज्याला ठाऊक नाही तो दोघांनाही मठ्ठ ठरवितो. मराठी मुलाची अडचण निराळी. त्याच्यापाशी तीन लिंगे, हिंदीत दोनच, तेव्हा आपले 'पुस्तक' आणि 'घर' कोठे बसवावे हे त्यास कळेना. शिवाय हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे आपले शिक्षण, हे समजेपर्यंत त्या शब्दाने त्याच्या पोटात गोळाच यावयाचा! (काही शाळांत दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात, हा भाग वेगळा.)

भाषेचे भान असलेला शिक्षक मुद्दाम घडविण्याचा मोठा प्रयत्न याच प्रांतात झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मातृभाषा हेच प्राथमिक शिक्षणाचे माध्यम ठरविले. पुढच्या वर्षी पं. रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेसाठी वर्ध्यासच शिक्षकांची प्रशिक्षण शाळा निघाली. शुक्लजींची कर्मभूमी रायपूर, आणि शाळा मराठी मुलखात. योग चांगला होता, पण १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजना मागे पडली. शिवाय मातृभाषा म्हणजे प्रांताची मान्य भाषा, हा समज तेथेही फारसा हलला नाही.

आमच्या मते या विषयात खरा मार्ग दाखविला तो ताराबाई मोडकांनी. त्या मराठी असून भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर गुजराती मुलांमध्ये राहिल्या, म्हणजे परभाषेच्या वर्गात उभे राहण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघांच्या सोबतीने बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत नेले. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यांनी शाळा त्याच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, बिया, खडे हेच साहित्य केले. तेथे तयार होणाऱ्या बालसेविकांस पहिला धडा मिळे तो मुलाच्या घराचा आणि त्याच्या बोलण्याचा, पुस्तकाचा त्यानंतर. भिलाईत भट्टी पेटण्याच्या सुमारासच हे चालले होते.

आता आपल्याविषयी थोडे. आम्हां कारकुनांस नियमाचे प्रेम असते, आणि या बाबतीत एक नियम आपल्या बाजूचा आहे. ऑगस्ट १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरविले की शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले एखाद्या भाषेची असतील, तर त्यांच्या मातृभाषेतून शिकविण्यास निदान एक शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस हे संरक्षण अधिक भक्कम केले. परमुलखातील मराठी मंडळी हा नियम तोंडपाठ म्हणतात, आणि म्हणावाच. परंतु ज्या गावांच्या जमिनीवर हे नगर वसले, तेथील छत्तीसगढी मुलास तो कधी लागू झाला नाही. ते अल्पसंख्याक नव्हते, आणि त्याची भाषा जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजली जाई. २०११ च्या जनगणनेतही ती तशीच मोजली गेली, जरी ती मातृभाषा सांगणारे १ कोटी ६२ लाखांवर निघाले. आपण बाहेरून आलो आणि हक्क मागू शकलो. तो घरचा असून त्याला मागता आला नाही. १९६३ पासून सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांनी आपला बदलीचा प्रश्न बराचसा सोडविला. त्याच्या प्रश्नाकडे पाहण्याचे ते स्थानच नव्हते.

शिक्षकांस परभाषा शिकविण्याची व्यवस्था केंद्र सरकारने पुढे केली, हेही नमूद केले पाहिजे. १९६३ मध्ये भोपाळ येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय निघाले. १९६९ मध्ये म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले आणि त्याचे पश्चिमेकडील केंद्र पुण्यास आले. राज्यांनी पाठविलेल्या नोकरीतील शिक्षकांस तेथे दहा महिने राहून मराठी, गुजराती किंवा सिंधी शिकण्याची सोय झाली. चाळिशीचा माणूस पुन्हा बाराखडी गिरवू लागला की वर्गातील मुलाची दशा त्याला आपोआप कळते. आमच्या समजुतीने त्या दहा महिन्यांतील हाच सर्वांत मोलाचा अभ्यास होय.

धमतरीच्या हेडमास्तरांच्या व्याकरणाची सुधारलेली आवृत्ती १९२१ मध्ये पं. लोचनप्रसाद पांडेय यांनी सिद्ध केली. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले आणि २००७ मध्ये छत्तीसगढीस राजभाषेचा मान मिळाला. हीरालालांनी लेखणी उचलल्यास तेव्हा १२२ वर्षे झाली होती.