दोर नव्हे, निरोप्या

कबड्डीत गुडघा पिरगळलेला एखादा विद्यार्थी तुम्ही पाहिला असेल. काही आठवड्यांतच त्याची त्या बाजूची मांडी बारीक दिसू लागते. वेदना ओसरली तरी पायात जोर येत नाही. "आता दुखत नाही ना, मग लाव की जोर!" असे आपण सहज म्हणतो. पण दुखापत झाली अस्थिबंधाला, म्हणजे लिगामेंटला. मग स्नायू का रुसावा?

अस्थिबंध म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा. गुडघ्याच्या आत असे दोन पट्टे फुलीसारखे एकमेकांना ओलांडतात. जुन्या शल्यचिकित्सकांच्या लेखी ते निव्वळ दोर होते. १८९५ साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे हे दोन्ही तुटलेले पट्टे टाके घालून शिवले. दोर तुटला, दोर जोडला!

खरे तर वेगळा धागा आधीच हाती आला होता. सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जे मज्जातंतू जातात, त्यांच्याच शाखा त्या सांध्यातही शिरतात, हे लंडनच्या जॉन हिल्टन यांनी १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत सांगितले होते. पुढे १९३८ मध्ये स्वीडनच्या इव्हार पामर यांनी तर्क मांडला, की अस्थिबंध ताणला जाताच स्नायूंना प्रतिक्षिप्त इशारा जात असावा. १९८४ मध्ये मानवी गुडघ्यातील या पट्ट्यांत संवेदनाग्रे सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. दोर निरोप्याही निघाला!

त्याच वर्षी दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी गुडघ्यात सुईने क्षारजल भरले, तेव्हा अवघ्या २०-३० मिलिलिटरला मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावली. सुजलेल्या गुडघ्यातही असेच घडते. सांध्यातून निघालेले संदेश मज्जारज्जूत पोचतात आणि तेथूनच मांडीच्या स्नायूंना लगाम बसतो. इच्छाशक्तीने तो पुरता सुटत नाही. शिवाय अस्थिबंध तुटला, की त्याच्याकडून येणारे निरोपही थांबतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना एका पायावर उभे करा. मग डोळे मिटायला सांगा. तोल सांभाळताना पाय सारखा थरथरतो ना? सांधे आणि स्नायू यांच्यातील हा संवादच दुखापतीनंतर बिघडतो. म्हणूनच उपचारांत ताकदीबरोबर तोलाचेही व्यायाम असतात.

तेव्हा लंगडणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी थांबा. त्याला ओरडा नको. तपासणी, नेमका व्यायाम आणि वेळ हवा.