चित्रातली खानेसुमारी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. घराचा इतिहास कुठे पाहावा, असे कोणी विचारले तर आम्ही त्याला सतराव्या शतकातील हॉलंडची कुटुंबचित्रे दाखवू. तिथल्या कॅल्व्हिनपंथी चर्चांनी भिंतींवरून संतांची चित्रे उतरविली होती. चित्रकारांना आता गिऱ्हाईक होते ते व्यापारी, बिअरचे कारखानदार, वकील अशा नगरवासीयांचे. आणि त्यांना आपले घरच भिंतीवर हवे होते.

हार्लेमच्या फान कांपेन नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६२० नंतर थोड्याच वर्षांत फ्रान्स हाल्सकडून आपले कुटुंब रंगवून घेतले. चित्र पुरे झाले. घर मात्र पुरे झाले नव्हते. पुढे आणखी एक मूल जन्मले. तेव्हा सालोमोन द ब्राय या दुसऱ्या चित्रकाराकडून ते डाव्या कोपऱ्यात बसविण्यात आले. त्याच्या जोड्याच्या तळव्यावर ब्रायची सही आहे आणि १६२८ हे सालही आहे. चित्राची मांडणी बिघडली तरी चालेल, पण खानेसुमारीतून मूल गळता कामा नये, हा आईबापांचा न्याय!

हा न्याय गेलेल्यांनाही लागू होता. यान मायटेन्ससारख्यांच्या कुटुंबचित्रांत वर आकाशात पंख असलेली बाळे दिसतात. ती शोभेसाठी काढलेली नव्हेत. ती त्या घरची वारलेली मुले होत.

फान कांपेनांचे चित्र पुढे कोणीतरी कापले. मोठा भाग आज अमेरिकेतील टोलिडो येथे आहे. बोकडाच्या गाडीजवळची मुले ब्रुसेल्सला. २०१८ साली टोलिडोच्या प्रदर्शनात ही ताटातूट झालेली भावंडे काही काळ एकत्र आली.

हाल्सचेच १६४५ नंतरचे एक कुटुंबचित्र माद्रिदला आहे. त्यात आई, बाप, मुलगा, मुलगी आणि कुत्रा आहे. शिवाय एक कृष्णवर्णीय मुलगाही आहे. त्या काळी डच वेस्ट इंडिया कंपनी आफ्रिकेतील माणसांचा व्यापार करीत होती. १६३७ साली तिने तिथला एल्मिना किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला होता. या मुलाचे आईबाप कोणत्याच चित्रात नाहीत. त्याची भावंडे कोणते प्रदर्शन एकत्र आणणार?

म्हणून कुटुंबचित्रापुढे उभे राहिल्यावर आपण माणसे जरूर मोजावीत. मात्र त्या घराने कोणाला आपले म्हणून मोजले आणि कोणाला नुसते उभे केले, हेही पाहावे.