अंधाराची दवंडी

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत कत्तलखान्यांतून गुरांच्या ग्रंथी येत होत्या. मेंदूच्या पार आत दडलेल्या या इवल्याशा पिनिअल ग्रंथी लाखाहून अधिक जमवाव्या लागल्या. त्या मागवत होते डॉ. आरन लर्नर. ते त्वचारोगतज्ज्ञ होते आणि त्यांना उलगडायचं होतं कोडाचं कोडं. अंगावर पांढरे डाग का उठतात, त्वचेचा रंग कोण चढवतं आणि कोण उतरवतं, याचा शोध ते घेत होते.

धागा जुना होता. १९१७ साली मॅकॉर्ड आणि ॲलन या दोघांनी बेडकाच्या पिल्लांना गुरांच्या पिनिअलचा अर्क दिला, तेव्हा त्यांची गडद कातडी बघता बघता फिकी पडली होती. त्याआधी शतकानुशतकं ही ग्रंथी तत्त्वज्ञांच्याच वाट्याला आलेली. फ्रेंच विचारवंत देकार्तने तर १६४९ मध्ये आत्म्याचं मुख्य ठाणंच तिथे ठरवून टाकलं होतं.

चार वर्षांच्या खटपटीनंतर, १९५८ मध्ये, लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती त्या अर्कातला नेमका पदार्थ लागला. नाव ठेवलं मेलॅटोनिन: रंगद्रव्य मेलॅनिनमधला ‘मेला’ आणि रासायनिक नातलग सेरोटोनिनमधला ‘टोनिन’. बेडकाच्या कातडीवर त्याचा प्रभाव जबरदस्त होता. माणसाच्या त्वचेवर मात्र काहीच परिणाम दिसेना. कोडाच्या रुग्णांच्या पदरी निराशा आली. ज्यांना हा पदार्थ दिला त्यांना थोडी गुंगी येते, एवढी नोंद तेवढी झाली.

त्या नोंदीचा अर्थ लागायला दिवस-रात्रीचं गणित कळावं लागलं. ज्युलियस ॲक्सलरॉड आणि तरुण संशोधक रिचर्ड वर्टमन यांनी १९६३ मध्ये दाखवलं, की उंदरांच्या पिनिअलमध्ये मेलॅटोनिन किती तयार व्हावं हे उजेड ठरवतो. उजेड असला की काम थंडावतं, अंधारात जोर धरतं. माणसातही तसंच घडतं हे सिद्ध व्हायला १९८० साल उजाडलं. आल्फ्रेड लुई यांनी रात्री लोकांना प्रखर दिव्यांसमोर बसवलं आणि रक्तातलं मेलॅटोनिन घसरताना मोजलं. घरातल्या साध्या दिव्याने ते तितकं दबत नव्हतं, म्हणून आधीच्या प्रयोगांत ही गोष्ट निसटली होती.

म्हणजे मेलॅटोनिन हे शरीरात पिटली जाणारी अंधाराची दवंडी आहे. रात्र झाली, आता आवरतं घ्या, एवढंच ते सांगतं. झोपेच्या प्रचलित गोळ्यांसारखं ते मेंदूला जबरदस्तीने निजवत नाही. त्याची सगळी मातब्बरी वेळेत आहे.

बाजाराला हे ऐकण्याची उसंत नव्हती. वर्टमन यांच्याच एमआयटीतल्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं, की ०.३ मिलिग्रॅम इतकी अल्प मात्राही झोप लवकर आणते. त्याच वर्षी अमेरिकेत पूरक आहाराचा नवा कायदा आला आणि मेलॅटोनिन औषधांच्या कडक तपासणीविना दुकानांच्या फळ्यांवर जाऊन बसलं. तीन, पाच, दहा मिलिग्रॅमच्या बाटल्या खपू लागल्या. युरोपात मात्र २ मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी २००७ मध्ये औषध म्हणूनच मंजूर झाली, तीही ५५ वर्षांवरच्या निद्रानाशाच्या रुग्णांसाठी.

ढिलाईची किंमत पुढे दिसली. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली गेली, तेव्हा एकात लेबलपेक्षा ८३ टक्के कमी, तर दुसऱ्यात ४७८ टक्के जास्त मेलॅटोनिन निघालं. आठांमध्ये चक्क सेरोटोनिन सापडलं. आधीच चार-पाच औषधं घेणाऱ्या माणसाच्या पोटात असं काही जाणं ही काळजीचीच गोष्ट आहे.

आणि रात्र रात्र डोळा न लागण्याचं दुखणं तर अशाच माणसांना जास्त असतं. त्यांच्यावरचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बारा वृद्धांचा अभ्यास आला. सगळे जुन्या आजारांची औषधं घेणारे. अंथरुणात पडून काढलेल्या वेळापैकी खरी झोप नुसत्या दिखाऊ गोळीवर ७५ टक्के होती, मेलॅटोनिनवर ती ८३ टक्के झाली. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. पिनिअलला रात्रीचा हुकूम ज्या वाटेने पोचतो, तीच वाट या गोळ्या अडवतात. २०१२ मध्ये ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्या सोळा रुग्णांना तीन आठवडे रोज २.५ मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं, तेव्हा त्यांची झोप सरासरी ३६ मिनिटांनी वाढली. निद्रानाशासह झोपेच्या मूळ विकारांवरच्या १९ प्रयोगांची २०१३ मध्ये बेरीज केली गेली, तिथे वाढ होती जेमतेम ८ मिनिटांची. या दोन आकड्यांमधलं अंतर लक्षात घेण्याजोगं आहे: जिथे दवंडीच बंद पडली होती, तिथे ती पुन्हा पिटल्याचा उपयोग अधिक झाला.

मेलॅटोनिनची मातब्बरी वेळेत आहे, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा दृष्टिहीनांनी दिला. उजेडाची जाणच नसलेल्या अनेकांच्या शरीराचं घड्याळ सुमारे साडेचोवीस तासांचा दिवस धरून चालतं. रोज अर्धा तास मागे पडत ते काही आठवड्यांत दिवसाला रात्र समजू लागतं. २००० साली रॉबर्ट सॅक, लुई आणि सहकाऱ्यांनी अशा सात जणांना रोज झोपेआधी १० मिलिग्रॅम मेलॅटोनिन दिलं. सहा जणांचं घड्याळ चोवीस तासांवर आलं. मग तिघांची मात्रा तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत अर्ध्या मिलिग्रॅमवर आणली, तरी त्यांची रात्र जागची हलली नाही.