टँकरचा दुसरा तळ

कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर पुळणीवरून अनवाणी चालले, तर तळपायाला काळे, चिकट काहीतरी लागते. हे डांबरगोळे पाण्याने निघत नाहीत आणि साबणानेही निघत नाहीत. लहानपणी आजी माझे पाय रॉकेलच्या बोळ्याने पुसायची आणि पुटपुटायची, 'आगबोटींची घाण!' तिचे निदान बरेचसे बरोबर होते, हे पुढे शिकताना कळले. समुद्रात पडलेल्या खनिज तेलातले हलके घटक उडून जातात. उरलेला जड भाग लाटांनी घुसळला जातो, त्याचे गोळे होतात आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की ते आपल्या किनाऱ्याला लागतात. त्यातले काही तेल टाक्या धुतलेल्या पाण्यातून आलेले असते, काही गळतीतून आणि काही फुटलेल्या जहाजांतून.

यातली शेवटची बाब पाहू. जहाज फुटले तरी आतले तेल बाहेर पडू नये, यासाठी काय करता येते? प्रश्न इंजिनिअरिंगचा वाटतो, पण त्याचे अर्धे उत्तर आठवी-नववीच्या 'द्रवाचा दाब' या धड्यात आहे. उरलेले अर्धे मिळायला मात्र जगाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

सुरुवातीला तेल पिंपांतून आणि डब्यांतून जात असे. आपल्याकडे घरोघरी धान्य साठवायला, पाणी तापवायला जो चौकोनी डबा वापरत, तो मूळचा घासलेटचा. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसवून ती खोकी जहाजावर रचत. एक डबा फुटला तर चार गॅलन तेल जाई, बाकीचे शाबूत राही. गळती रोखण्याच्या दृष्टीने ही रचना उत्तमच होती. पण डब्यांना जागा फार लागे आणि हमालीही जास्त पडे. 1886 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ 'ग्लुकाउफ' नावाचे जहाज बांधले गेले. आधुनिक टँकरचा हा पूर्वज. त्यात डबे नव्हते, पिंपेही नव्हती. जहाजाचे पोट कप्प्यांत विभागलेले होते आणि तेल थेट त्या पोटातच ओतलेले होते. मधला डबा गेला आणि तेल व समुद्र यांच्यात पोलादाचा एकच पत्रा उरला. पुढची जवळजवळ शंभर वर्षे बहुतेक टँकर याच धर्तीवर बांधले गेले. बदलला तो आकार.

आकार वाढल्याचा परिणाम 18 मार्च 1967 रोजी दिसला. 'टॉरी कॅन्यन' हा टँकर कुवेतहून सुमारे 1,19,000 टन कच्चे तेल घेऊन वेल्समधील मिलफोर्ड हेवन बंदराकडे निघाला होता. मुळात हे जहाज याच्या निम्मा माल नेण्यासाठी बांधलेले. नंतर ते कापून, मध्ये नवा भाग घालून लांब केलेले. भरतीची वेळ गाठायची म्हणून कप्तानाने जवळची वाट धरली आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापलीकडच्या 'सेव्हन स्टोन्स' खडकांवर जहाज चढले. पुढे काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण एवढी गळती पूर्वी कधी झालीच नव्हती. शेवटी ब्रिटिश विमानांनी जहाजावर बॉम्ब टाकून तेल पेटवण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यावर हजारो टन अपमार्जके ओतली गेली. ती तेलापेक्षा विषारी निघाली. जिथे ती भरमसाट वापरली, तिथल्या खडकांवरील शंख-शिंपल्यांची घडी पूर्ववत बसायला दशकाहून अधिक काळ लागला. जिथे तेल तसेच राहू दिले, तिथला किनारा लवकर सावरला. उपाय अपायापेक्षा महाग पडल्याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

यातून 1973 साली 'मार्पोल' हा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या परिषदेत अमेरिकेने सुचवले होते की टँकरला दुहेरी तळ सक्तीचा करावा. प्रस्ताव फेटाळला गेला. 1978 साली तो पुन्हा आला, पुन्हा बाजूला पडला. विरोध करणारे सगळेच नफेखोर होते असे मात्र समजू नये. दोन तळांमधल्या पोकळीत तेलाची वाफ साचली तर स्फोट होईल, ही भीती खरी होती. पोकळीत पाणी शिरले तर जहाज खडकावर अधिकच जड बसेल आणि सोडवणे अवघड होईल, हा मुद्दाही खोटा नव्हता. पण खर्चाचा मुद्दा या दोन्हींच्या मागे उभा होता, हेही तितकेच खरे. 1978 च्या मार्चमध्ये 'आमोको कॅडिझ' या टँकरचे सुकाणू बिघडले. ते फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर आदळले आणि सुमारे 2,20,000 टन तेल समुद्रात गेले. तरीही दुसरा तळ काही आला नाही.

तो आला 'एक्सॉन व्हाल्डीझ'मुळे. 24 मार्च 1989 रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटे झाली असताना, अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये हे जहाज ब्लाय रीफ या खडकावर चढले. मालाच्या 11 टाक्यांपैकी 8 फाटल्या. आता गंमत पाहा. जहाजात सुमारे 5 कोटी 30 लाख गॅलन तेल होते. सांडले ते सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. बाकीचे तेल नंतर दुसऱ्या जहाजांत उपसून घेतले. तळाला भगदाडे पडलेल्या टाक्यांत इतके तेल राहिले कसे?

इथे फळा आणि खडू घ्यावा. समजा टाकीत तळापासून 20 मीटर उंचीपर्यंत तेल आहे आणि जहाज 15 मीटर पाण्यात बुडालेले आहे. तेलाची सापेक्ष घनता 0.9, समुद्राच्या पाण्याची 1.025. तळाशी आतून तेलाचा दाब 20 × 0.9, म्हणजे 18 मीटर गोड्या पाण्याइतका. बाहेरून समुद्राचा दाब 15 × 1.025, म्हणजे सुमारे 15.4. आतला दाब जास्त, म्हणून तेल बाहेर पडू लागेल. पण तेलाची पातळी उतरेल तसा आतला दाबही उतरेल. पातळी 17.1 मीटरवर आली की दोन्ही दाब सारखे होतील आणि गळती थांबेल. गेले सुमारे 2.9 मीटर तेल, म्हणजे सातवा हिस्सा. उरलेले तेल समुद्राच्या पाण्यावर नुसते टेकून उभे राहते. तेल वर आणि जड पाणी खाली, म्हणून त्यांची अदलाबदलही होत नाही.

आता खडकावर अडकलेल्या जहाजाभोवती ओहोटी लागली आणि पाणी 2 मीटरने उतरले असे धरा. नवा समतोल 14.8 मीटरवर येतो. गळती चौथ्या हिस्स्यावर जाते. विद्यार्थ्यांकडून हा आकडा काढून घ्यावा. 'ओहोटीची वेळ' ही गोष्ट गणितात शिरताना पाहून त्यांना मजा वाटते, असा माझा अनुभव आहे.

भोक तळाला न पडता बाजूला पडले तर? वरचे तेल समतोल होईपर्यंत बाहेर येतेच. शिवाय भोकाच्या खालच्या भागातून पाणी आत शिरते, जड असल्यामुळे तळाशी बसते आणि तेलाला वर उचलून भोकाबाहेर ढकलते. हा व्यवहार पाणी भोकाच्या वरच्या कडेला पोचेपर्यंत चालू राहतो. म्हणून टक्कर आणि खडकावर चढणे हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

हे गणित ओळखूनच काही उपाय निघाले. सर्वांत साधा म्हणजे टाकी भरतानाच ती समतोल पातळीपर्यंत भरायची, वर चढवायची नाही. यात बांधकाम काहीच नाही, फक्त माल कमी जातो. जुन्या एकेरी जहाजांसाठी मार्पोलने ही सवलत मान्य केली होती. दुसरा उपाय अधिक चतुर होता. टाकीच्या मधोमध एक आडवा डेक घालायचा. खालच्या टाकीत तेलाची उंची 7 मीटरच राहिली, तर तिथला दाब 6.3 आणि बाहेर समुद्राचा 15.4. तळ फुटला तर तेल बाहेर पडण्याऐवजी पाणीच आत घुसणार!

तिसरा उपाय मुलांना सर्वांत आवडेल. प्लास्टिकच्या बाटलीला तळाजवळ बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. पाण्याची धार थांबते. झाकण उघडा, धार सुरू. मग टँकरच्या टाक्यांना घट्ट झाकणे लावून, वरच्या पोकळीत थोडा निर्वात ठेवून तेल आतच का धरून ठेवू नये? कल्पना अनेकांना सुचली आणि तिच्यावर संशोधनही झाले. पण एक जुनी दुर्घटना आड आली. डिसेंबर 1969 मध्ये 'मारपेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'कोंग हाकोन सातवा' या तीन महाकाय टँकरांत एकाच महिन्यात स्फोट झाले. रिकाम्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुताना स्थितिक विद्युत तयार झाली आणि तेलाची वाफ व हवा यांचे मिश्रण पेटले. त्यानंतर मोठ्या टँकरांत तेलावरच्या पोकळीत बॉयलरचा धूर स्वच्छ करून भरण्याची पद्धत आली. ऑक्सिजनचे प्रमाण 8 टक्क्यांच्या खाली ठेवायचे आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून दाब वातावरणापेक्षा किंचित जास्त ठेवायचा. म्हणजे स्फोट टाळण्यासाठी आत जो दाब हवा, तोच टाकी फुटल्यावर तेलाला बाहेर रेटतो. त्याखेरीज निर्वात वाढला तर टाकीचा पत्राच आत चेपायचा. रॉकेलचा डबा वाफेने भरून, बूच लावून, थंड पाणी ओतून चेपण्याचा प्रयोग आपण वर्गात करतोच. तो टाळण्यासाठी टाक्यांना झडपा असतात. त्या थोडा निर्वात झाला की उघडतात, आणि आपल्या बाटलीचे झाकण उघडते!

अमेरिकेने या सगळ्या चर्चेत फार वेळ घालवला नाही. ऑगस्ट 1990 मध्ये तिथे कायदा झाला : आमच्या बंदरात यायचे तर नव्या टँकरला दुहेरी कवच हवे आणि एकेरी टँकर 2015 पर्यंत बाद. 1992 साली मार्पोलमध्ये दुरुस्ती झाली. तिने दुहेरी कवचाबरोबर मधल्या डेकची रचनाही मान्य केली. दोन्हींची तुलना केली असता त्या एकूण सारख्याच ठरल्या होत्या. टक्कर हलकी असेल तर दुहेरी कवचातून थेंबही गळत नाही. अपघात भयंकर असेल तर मधला डेक सरस ठरतो. दुहेरी तळामुळे टाक्या समुद्रपातळीच्या मानाने उंच बसतात, त्यामुळे आतला पत्राही फाटला तर अधिक तेल बाहेर पडते. पण अमेरिकेने मधला डेक मान्य केला नाही. अमेरिकेत जाऊच शकणार नाही असा टँकर कोण बांधणार? माझ्या मते एक चांगली कल्पना इथे परीक्षेला न बसताच नापास झाली.

मोठ्या टँकरांत दोन कवचांमधले अंतर साधारण 2 मीटर असते. ही जागा वाया जात नाही. परतीच्या प्रवासात रिकामे जहाज स्थिर राहावे म्हणून तिथे समुद्राचे पाणी भरतात. पूर्वी हे पाणी तेलाच्याच टाक्यांत भरत आणि नंतर तेलकट पाणी समुद्रात सोडत. माझ्या पायाला लागलेल्या डांबरात त्याचा वाटा अपघातांपेक्षा बहुधा मोठा असावा.

जुने एकेरी टँकर मात्र चालूच राहिले. डिसेंबर 1999 मध्ये फ्रान्सजवळ 'एरिका' मोडून दोन तुकडे झाली. नोव्हेंबर 2002 मध्ये स्पेनजवळ 'प्रेस्टिज'च्या कवचाला भेग पडली. कप्तानाने आसऱ्याला बंदर मागितले, ते मिळाले नाही. जहाज खोल समुद्रात ओढून नेले गेले आणि सहा दिवसांनी बुडाले. सुमारे 77,000 टन जड तेलापैकी बहुतेक बाहेर आले. या दोन धक्क्यांनंतर जुनी जहाजे बाद करण्याच्या मुदती दोनदा अलीकडे आणल्या गेल्या.

700 टनांहून मोठ्या गळतींची सरासरी 1970 च्या दशकात वर्षाला सुमारे 24 होती. 2010 च्या दशकात ती दोनच्याही खाली आली. याचे सगळे श्रेय दुसऱ्या पत्र्याला देता येणार नाही. उपग्रहांवरून स्थान कळणे, बंदरांतील तपासणी, खलाशांचे प्रशिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. दुहेरी कवच अभेद्यही नाही. जानेवारी 2018 मध्ये पूर्व चीन समुद्रात 'सांची' या दुहेरी कवचाच्या टँकरची मालवाहू जहाजाशी टक्कर झाली. आतले अतिहलके तेल पेटले आणि जहाजावरचे सर्व 32 जण दगावले. शिवाय तेल फक्त टँकरमध्येच नसते. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली. 'चित्रा' कंटेनरवाहू जहाज होते, सांडले ते तिचे स्वतःचे इंधन, आणि ते खाडीतल्या खारफुटीत शिरले. योगायोग असा की मोठ्या जहाजांच्या इंधनाच्या टाक्यांनाही संरक्षक पोकळी हवी, हा नियम त्याच महिन्याच्या 1 तारखेपासून पुढे तयार होणाऱ्या जहाजांना लागू झाला होता.

'एक्सॉन व्हाल्डीझ' दुरुस्त होऊन पुन्हा चालू लागली. मात्र अमेरिकी कायद्याने तिला प्रिन्स विल्यम साउंडमध्ये परत येण्यास बंदी घातली. तिची नावे बदलत गेली, पुढे तेलवाहूची ती खनिजवाहू झाली. 2012 साली 'ओरिएंटल नाइसिटी' या नावाने ती भंगारात विकली जाऊन गुजरातच्या किनाऱ्याकडे आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, जुलैअखेर परवानगी मिळाली, आणि अलंगच्या चिखलात भरतीच्या पाण्यावर चढवून तिचा तो एकेरी पत्रा कामगारांनी कापून काढला.