सोपाऱ्याचे बंदर आणि संजाणचे अन्नछत्र

नालासोपारा स्थानकात रोज उतरणाऱ्या नोकरदारांना या गावाच्या नावातले ‘सोपारा’ एके काळी थेट इराणच्या आखातापर्यंत परिचित होते, याची फारशी कल्पना नसते. सम्राट अशोकाचे शिलालेख आणि १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केलेला बौद्ध स्तूप यांमुळे प्राचीन शूर्पारकाचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आले. मात्र बंदर म्हणून सोपाऱ्याच्या भरभराटीचा जो उत्तरकाळ, त्याची माहिती प्रामुख्याने अरबी ग्रंथांतून मिळते. दहाव्या शतकातील इस्तखरी व इब्न हौकल हे भूगोलकार ‘सुबारा’ या नावाने त्याचा उल्लेख करतात. बाराव्या शतकातील इद्रिसी त्याला दाट वस्तीचे, गजबजलेले व्यापारी केंद्र म्हणतो.

इस्लाम आणि राष्ट्राचा सामाजिक-आर्थिक विकास हा विषय निघाला की चर्चा बहुधा दिल्लीच्या सुलतानांपासून सुरू होते आणि तिथेच अडकून पडते. उत्तर कोकणाचा अनुभव वेगळा आहे. येथे हा धर्म सैन्याबरोबर नव्हे, तर जहाजांबरोबर आला आणि स्थानिक राजांच्या आश्रयाने स्थिरावला. सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याशी जोडल्या गेलेल्या इ. स. ८५१ च्या वृत्तान्तात ‘बल्हरा’ राजाच्या अरबांविषयीच्या आस्थेची प्रशंसा आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, अर्थात मान्यखेटचे राष्ट्रकूट. त्यांच्या राज्यातील बंदरांत जुम्म्याच्या मशिदी आहेत आणि मुसलमानांवर राजाच्या वतीने मुसलमान अधिकारीच कारभार पाहतो, असे इस्तखरी नोंदवतो. परदेशी प्रवाशांची स्तुती थोडी हातचे राखूनच वाचावी लागते; पण या बाबतीत सोपाऱ्याच्या उत्तरेस, आजच्या पालघर जिल्ह्यातच, अस्सल पुरावा मिळाला आहे.

डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे १९५५ मध्ये काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी सर्वांत जुना शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट नृपती तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. लेख संस्कृतात असून त्यातील प्रमुख पुरुष ‘ताजिक’, म्हणजे अरब आहे. त्याचे नाव मधुमती, हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप. पित्याचे नाव सहियारहार, जे ‘शहरियार’ या इराणी नावाशी जुळते. दुसऱ्या कृष्णाने त्याला संपूर्ण ‘संयान मंडल’ कारभारासाठी सोपविले होते. संयान म्हणजे आज गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत असलेले संजाण. पारशी परंपरेतले आद्य वसतिस्थान तेच.

या अधिकाऱ्याने केलेल्या कामांची ताम्रपटातली यादी आजही वाचण्यासारखी आहे. परिसरातील बंदरांचे प्रमुख त्याने जिंकले आणि तेथे आपली माणसे नेमली. दोन नद्यांवर त्याने विनामूल्य तर सुरू केली. संजाणात अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवणे आणि तूप फुकट मिळे. पुढे अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेसाठी, राजाच्या अनुमतीने, त्याने एक गाव आणि दुसऱ्या गावातील काही जमीन दान दिली. मठिकेची डागडुजी, दशमी देवीचा नैवेद्य आणि काही ब्राह्मणांचे भोजन हा या दानाचा हेतू होता.

या लेखाकडे केवळ सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल. मधुमती हा राजाचा मांडलिक होता. शेजारची बंदरे त्याने समजुतीने नव्हे, शस्त्राने ताब्यात घेतली. परंतु सत्ता हाती आल्यावर त्याने काय उभारले, हे महत्त्वाचे आहे. खाड्यांनी तुटलेल्या या प्रदेशात तर फुकट असणे म्हणजे माल आणि माणूस दोघांचाही खर्च कमी होणे. परगावच्या व्यापाऱ्याला, वाटसरूला गावात जेवण मिळणे म्हणजे बाजारपेठेला पाहुणा जोडणे. दानधर्म आणि दळणवळण यांची येथे जी सांगड दिसते, तिला कोणी इस्लामी सदका म्हणेल, कोणी हिंदू राजधर्म. तत्कालीन संजाणकरांना हा प्रश्न पडला असेल असे वाटत नाही. शतकभराने, शके ९५६ मध्ये, चामुंडराजाने याच मठिकेला तेलाचा घाणा दान दिला. त्या ताम्रपटातही स्थानिक प्रतिष्ठितांमध्ये अल्लिय, मधुमत अशी नावे आढळतात.

दक्षिणेकडे चौलला, अरबांच्या ‘सैमूर’ला, अल मसूदी हा इतिहासकार हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) मध्ये होता. तेथील मुसलमानांची संख्या तो सुमारे दहा हजार सांगतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले असे दोन्ही प्रकारचे लोक त्यांत होते. त्यांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत आणि त्याची नेमणूक राजा करीत असे. आपसातले तंटे आपल्या कायद्याने मिटण्याची शाश्वती असल्याशिवाय दूरदेशीचा सावकार भांडवल पाठवीत नाही. इस्लामी व्यवहारशास्त्रातील ‘मुदारबा’ ही भागीदारी अशा व्यापाराला सोयीची होती. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा ठरलेल्या हिश्शाने आणि तोटा आला तर तो भांडवलदाराचा. व्याज निषिद्ध असताना सागरी जोखीम वाटून घेण्याची ही रीत होती.

व्यापारातील नफ्याचे समाजोपयोगी संस्थांत रूपांतर होई ते वक्फमुळे. एखादी मिळकत कायमची अर्पण करून तिच्या उत्पन्नातून मशीद, मदरसा, विहीर वा सराई चालवायची, ही त्यामागील कल्पना. पश्चिम किनाऱ्यावरचे तिचे सर्वांत बोलके उदाहरण वेरावळच्या १२६४ च्या लेखात आहे. होर्मुझच्या नुरुद्दीन फिरोज या नाखव्याने सोमनाथ पाटणला मशीद बांधली आणि तिच्या खर्चासाठी तेलाचा घाणा व दोन दुकाने लावून दिली. शिल्लक रक्कम मक्का-मदिनेस पाठवावी, असेही ठरले. हा करार संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत कोरला गेला. चिंचणीचा घाणा मठिकेसाठी, वेरावळचा मशिदीसाठी. हिशेबाची पद्धत एकच. चौदाव्या शतकात इब्न बतूता होन्नावरला आला तेव्हा त्याला तेथे मुलांच्या २३ आणि मुलींच्या १३ शाळा आढळल्या. मुलींच्या शाळांचा तो आकडा आज वाचणाऱ्यालाही थबकवतो.

मग हा प्रवाह आटला कसा? अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी पश्चिम आशियाबाबत असे प्रतिपादन केले आहे की, वारसांत मालमत्तेचे तुकडे पाडणारे नियम, भागीदाराच्या मृत्यूबरोबर संपणारी भागीदारी आणि वक्फचा न बदलता येणारा हेतू यांमुळे मोठी, दीर्घायुषी भांडवली संस्था तेथे उभी राहू शकली नाही. युक्तिवाद विचारार्ह आहे. पण वसई परिसराच्या बाबतीत तो अपुरा पडतो. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली, हे एक कारण. दुसरे कारण तोफांचे. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईत येऊन परवाना घ्यावा आणि परतताना वसईतच जकात भरावी, अशी अट त्यात होती. खुला समुद्र हेच ज्यांचे भांडवल होते, त्यांना आता समुद्रासाठीच परवाना लागू लागला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तोपर्यंत व्यापाराचे केंद्र इतरत्र सरकू लागले होते. कोकणी मुसलमानांतील नाखवे आणि व्यापारी पुढे मुंबईत स्थिरावले. १८०२ मध्ये पूर्ण झालेली तेथील जामा मशीद त्या समाजाच्या सुबत्तेची खूण आहे. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या अंजुमन-ए-इस्लामने व्यापारी पैशाला आधुनिक शिक्षणाची वाट दाखविली.

आजचे वसई-विरार हे २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाखांवर लोकसंख्येचे महानगर आहे. महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली. येथे देशभरातून आलेल्या मुस्लिम कामगार-कारागिरांचा प्रश्न मधुमतीच्या काळापेक्षा निराळा आहे. भांडवल घेऊन येणारा आणि श्रम विकायला येणारा यांत महदंतर असते. न्या. राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने शिक्षण, नोकऱ्या आणि बँकेच्या कर्जापर्यंतची पोच या तिन्ही बाबतींत समाजाची पीछेहाट आकड्यांनिशी मांडली. बिनव्याजी बँकव्यवहाराचा प्रस्ताव रघुराम राजन समितीने २००८ मध्ये सुचविला खरा, पण २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो पुढे न नेण्याचे ठरविले.

वक्फचे चित्र याहून उद्बोधक आहे. सच्चर समितीच्या अंदाजानुसार देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मिळकती आणि सुमारे सहा लाख एकर जमीन होती. त्यांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये होते. नीट व्यवस्थापन झाले तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकते, असा समितीचा हिशेब होता. २०२५ मध्ये संसदेने वक्फ कायद्यात व्यापक दुरुस्ती केली आणि तिच्या विरोधातील याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वाद झाला तो मुख्यतः मिळकतींवर ताबा आणि अधिकार कोणाचा, यावर. घाण्यातून तेल किती निघते आणि ते कोणाच्या दिव्यात पडते, याची चर्चा त्या मानाने कमीच झाली.