हत्यारांची पारख

सुतारकामाचे हत्यार विकत घेताना सामान्य गृहस्थ तीन गोष्टी पाहतो : किंमत, चकाकी आणि पात्यावर उठविलेले नाव. ह्या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या स्वाधीन असतात. पाते लाकडात कसे चालते व त्याची धार किती वेळ टिकते, ही जी खरी परीक्षा, ती मात्र वापरणाऱ्याच्याच हाती असते. पटाशी, रंधा व करवत ह्यांच्या पोलादाचा इतिहास पाहिला म्हणजे ह्या दोन परीक्षांमधील भेद किती जुना आहे हे ध्यानात येते. त्या इतिहासातील काही प्रकरणे वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात जोसेफ मॉक्सन ह्याने १६७८ च्या सुमारास हस्तव्यवसायांवरील आपला ग्रंथ मासिक अंकांच्या रूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यात इंग्लिश, स्वीडिश, स्पॅनिश, व्हेनिशियन इत्यादी पोलादांचे गुणदोष सांगून त्याने एक सोपी कसोटी दिली आहे. कांबीचे टोक थोडेसे मोडून पाहावे. मोडलेला भाग सर्वत्र करडा व दाट कणांचा दिसला तर पोलाद चांगले, आणि मध्येच कच्च्या लोखंडाच्या चकचकीत शिरा दिसल्या तर ते वाईट समजावे. ज्या चकाकीला ग्राहक भुलतो, तीच येथे दोषाची खूण ठरली आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ह्या शिरा राहण्याचे कारण त्या काळच्या कृतीत होते. लोखंडाच्या कांबी कोळशाच्या भुकटीत पुरून, दगडी पेटीत बंद करून, अनेक दिवस तापवीत ठेवीत. कोळशातील कार्बन बाहेरून आत मुरत जाई. त्यामुळे कांबीचा बाह्य भाग कठीण होई व गाभा नरम राही. डॉन्कॅस्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन ह्यास घड्याळांच्या कमानींसाठी असले विषम पोलाद चालेना. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन राहिल्यावर त्याने पुष्कळ प्रयोग केले, आणि अखेरीस मातीच्या मुशीत पोलाद पूर्णपणे वितळवून ते अंतर्बाह्य एकजीव करण्याची कृती साधली.

परंतु शेफील्डच्या चाकू-कात्र्या करणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले नाही. हे पोलाद फार कठीण, घडविण्यास त्रासाचे, म्हणून त्यांनी ते नाकारले. हंट्समनने आपला माल फ्रान्सकडे पाठविला. आणि त्यापासून बनलेली फ्रेंच पाती इंग्लंडच्या बाजारात येऊन गिऱ्हाइके ओढू लागली, तेव्हा ह्या कारागिरांचे डोळे उघडले, असे सांगतात. कारागिरांचा आक्षेप खोटा नव्हता. ते पोलाद खरोखरच घडविण्यास कठीण होते. पण जे घडविणाऱ्यास अवघड, तेच वापरणाऱ्यास सुखाचे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीआड झाली. घडविणाऱ्याचा त्रास एकदाच संपतो. बोथट पात्याचा त्रास मात्र वापरणाऱ्याला जन्मभर पुरतो.

ह्याच शतकाच्या अखेरीस अगदी असाच प्रश्न मुंबईहून लंडनास गेला. मुंबईत राहणारा डॉक्टर हेलिनस स्कॉट ह्याने १७९४ साली ‘वूट्झ’ नावाच्या हिंदी पोलादाचे नमुने सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविले. पटाश्या, कानशी, करवती आणि दगड फोडण्याची हत्यारे ह्यांसाठी येथे ते वापरतात, व त्याच्याइतके कठीण पोलाद आपल्या माहितीत नाही, असे त्याने कळविले. परंतु किंचित लाल होण्यापलीकडे ते तापविता येत नाही, म्हणून ते घडविणे फार कष्टाचे आहे, हेही त्याने लपविले नाही. हे पोलादही मुशीतच होत असे, आणि हंट्समनच्या कित्येक शतके आधीपासून दक्षिणेत होत होते. जॉर्ज पिअर्सन ह्याने १७९५ साली रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला, आणि जेम्स स्टोडार्ट ह्या लंडनच्या कारागिराने त्याची पाती बनवून त्यांची वाखाणणी केली. पुढे १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडे ह्याने ह्याच स्टोडार्टच्या साहाय्याने पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. तथापि एकोणिसाव्या शतकात विलायती स्वस्त पोलादाच्या लोंढ्यापुढे दक्षिणेतील ह्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. गुणाने हरविले म्हणून नव्हे, तर किमतीने गाठले म्हणून.

शेफील्डची कीर्ती झाल्यावर दुसरेच संकट उभे राहिले. मुशीतल्या पोलादाच्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ हे शब्द उठवीत. तेच शब्द व शेफील्डचे नाव हलक्या परदेशी मालावरही दिसू लागले. अखेर १८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटास कायदा करून, ब्रिटिश नावे धारण करणाऱ्या परदेशी मालावर तो कोठे झाला हे स्पष्ट लिहिण्याची सक्ती करावी लागली. नाव हे जामीनदारासारखे असते. जामीनदार खरा की तोतया, हे पाहण्याचे काम ग्राहकाला चुकत नाही.

आज ‘कास्ट स्टील’ची जागा ‘क्रोम व्हॅनेडियम’ ह्या शब्दांनी घेतली आहे, एवढाच फरक. घरच्या कामासाठी हत्यार घेणाऱ्याने पाते मोडून पाहावे असे आम्ही म्हणत नाही. दुकानदार ते सोसणार नाही. पण पटाशीची पाठ व रंध्याचा तळ सपाट आहे की नाही, हे गुण्याची कड लावून पाहता येते. करवतीचे दात कानशीने पुन्हा घासता येतील असे आहेत, की बोथट होताच टाकून देण्यासारखे अतिकठीण केलेले आहेत, हे विचारता येते. आणि दहा हत्यारांची पेटी घेण्याऐवजी दोनच घेऊन, निसण्यावर धार लावून, सागाच्या तुकड्यावर ती किती टिकते हे पाहता येते.

ज्या घरात असे पाहणारा एकही हात नाही, त्या घरास पेटीवरील छापील शब्दांवरच विसंबावे लागते. दक्षिणेतील भट्ट्या विझल्या त्यात स्वस्ताईचा दोष मोठा. परंतु पारख करणारे हात कमी झाले म्हणजे चांगली हत्यारे करणाऱ्यालाही कोणी उरत नाही, हा धडा त्याहून मोठा आहे असे आम्हांस वाटते.